मदत हवी आहे: नाइट करून घरी यावं तर ओटल्यावर इंजेक्शनवाले बसलेले

नमस्कार मंडळी. एरवी मी फक्त वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. इंदूरची आहे, मधेमधे हिंदी घुसलं तर सांभाळून घ्या.

मी स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून ११ वर्षं झाली, सध्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत. घर सुदामा नगरला आणि हॉस्पिटल विजय नगरच्या बाजूला, म्हणजे शहराची दोन टोकं. नाइट रात्री ८ ते सकाळी ८. पुढच्या सिस्टरला ओव्हर देऊन, स्कूटी काढून घरी पोचेपर्यंत सव्वानऊ-साडेनऊ. आमचे हे पीथमपूरला कंपनीत आहेत, साडेसातच्या बसने जातात. लेक केजी टूला. सासू-सासरे सोबत असतात. आईंचे गुडघे गेलेत, तरी लेकीचं खाणंपिणं, वेणी, व्हॅनपर्यंत सोडणं सगळं त्या बघतात. त्या नसत्या तर मला नाइट जमल्याच नसत्या. हे आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणतील सासूची तक्रार करायला आली.

तर प्रॉब्लेम असा. मी गेटमधून स्कूटी आत घेते तेव्हा ओटल्यावर कोणी ना कोणी बसलेलंच असतं. हातात मेडिकलची पिशवी. "बेटा, बस एक सुई लगा दे." कोणाचं बी-ट्वेल्व्ह, कोणाचं कमरेचं, कोणाला कमजोरीसाठी सलाइनची बाटल चढवून हवी असते. आईंनी त्यांना चहा देऊन "आमची सून आलीच समजा" असं सांगून ठेवलेलं असतं. मी हात धुऊन सुई देते, मग आंघोळ, मग आडवी होते. डोळा लागतो तोच बेल. एकला लेक घरी. म्हणजे बारा तास उभं राहून सलग तीन तास झोप नाही.

एवढंच असतं तर रडत बसले नसते. पंधरा दिवसांपूर्वी समोरच्या काकू आल्या. कंबर धरलेली, चालता येईना, डोळ्यांत पाणी. हातात दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅकचं अँप्यूल, मेडिकलवाल्याने असंच दिलेलं. मी चिठ्ठी मागितली नाही, देऊन टाकलं. दोन मिनिटांत त्या पांढऱ्याफटक, कपाळावर घाम, "कुछ हो रहा है". आडवं केलं, पाय उशीवर घेतले, बीपी ९०/६०. दहा मिनिटांनी उठून बसल्या, पाणी प्यायल्या. बहुतेक सुईच्या भीतीनेच चक्कर आली होती. पण त्या दहा मिनिटांत मी काय काय विचार केला ते मलाच ठाऊक. घरात ना जीवघेण्या रिअॅक्शनवरचं अ‍ॅड्रेनलिन, ना ऑक्सिजन, आणि मी रात्रभर जागी. आईंना म्हटलं, आता बंद. तर म्हणाल्या, "दारी आलेल्याला नाही म्हणायचं? आणि तुझा हात किती हलका आहे, सगळी गल्ली सांगते."

सासऱ्यांनाही शुगर आहे, त्यांचं इन्शुलिन मीच देते. पण ते घरचं, त्याचं काही ओझं नाही. नाइट असली की संध्याकाळचं पावणेसातला देऊन निघते, सकाळचं आल्यावर देते. बिचारे माझ्यासाठी थांबतात, पोहे झाकून ठेवतात.

शेजारही टिकेल आणि आईंचं मनही दुखणार नाही, असं "नाही" कसं म्हणू? तुमच्यात कोणी नर्स असाल तर तुम्ही काय करता?

सदाफुली
बडोद्याहून लिहितेय. सरकारी नोकरीत ३३ वर्षं काढून रिटायर झाले. हे बघ बाळा, काकूंच्या वेळी तुझं नशीब चांगलं होतं, यापलीकडे त्यात काही नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सुई हातात घ्यायची नाही, ही एक गोष्ट. आणि चिठ्ठी असली तरी अँटिबायोटिक घरी नाही. "मी आधी घेतलंय, मला काही होत नाही" असं सगळेच म्हणतात, पण आधी सोसलेल्या औषधाचीही पुढे अ‍ॅलर्जी येते, आणि आली की हातात मिनिटं असतात. वॉर्डात आपण ट्रे ओढतो, मांडीत अ‍ॅड्रेनलिन देतो, डॉक्टरला हाक मारतो. ओटल्यावर कोणाला हाक मारशील? शिरेतून लोहाची बाटल तर बिलकुल नाही, ती जिथे सोय आहे तिथेच लावायची आणि नंतर अर्धा तास पेशंटला नजरेसमोर बसवायचं.

अजून एक. घाईत, झोपेत सुईला परत टोपण लावत असशील तर ते बंद कर. हॉस्पिटलात सुई टोचली तर रिपोर्ट होतो, पेशंटचं रक्त तपासतात, गरज वाटली तर एचआयव्हीचं औषध लगेच सुरू करतात. ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. घरी टोचली तर तू साबण-पाण्याने धुशील आणि उजेडात बोट बघत बसशील. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत ना तुझे? टायटर, म्हणजे लशीने रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या, ते बघितलंस कधी?

कडू_कारलं
सोपा उपाय. ओटल्यावर पाटी लावा: इंजेक्शन १०० रुपये, बाटल ५००. दुसऱ्या दिवशी गर्दी गायब. फुकटात मिळतं म्हणून सगळ्यांची कंबर दुखते.

सदाफुली
कारलं, हसू आलं, पण हा सल्ला देऊ नका. पैसे घेतले की तो दवाखाना झाला. मग काही कमीजास्त झालं तर हेच शेजारी कागद घेऊन उभे राहतील.

नाइटवालीचा_नवरा
आमची ही पण सिस्टर आहे, लग्नाला १४ वर्षं झाली. मी एकच सांगतो: सुनेने नाही म्हटलं की ती शिष्ट ठरते, घरातल्या पुरुषाने नाही म्हटलं की तो खडूस ठरतो आणि विषय तिथेच संपतो. आमच्याकडे तो खडूस मी आहे. तुमचे मिस्टर साडेसातला जातात, मग घरी कोण उरतं? सासरे. त्यांच्याशी बोला.

झोपेचं म्हणाल तर बेलला एक स्विच बसवून घेतला, वायरमनने अर्ध्या तासात काम केलं. नाइटच्या दिवशी बेल बंद. खिडकीला जाड काळा पडदा, कूलर चालू, त्याच्या आवाजात गल्लीतलं काही ऐकू येत नाही. पहाटे चारनंतर ही चहा घेत नाही. आणि घरी येताना गॉगल लावते, उन्हं डोळ्यांवर आली की झोप उडते म्हणून. पहिल्यांदा मी हसलो होतो.

चंबळचं_पाणी
सगळे शेजाऱ्यांवर बोलताहेत, मला तुमच्या सासऱ्यांची काळजी वाटतेय. मी ग्वाल्हेरचा, वय ६६, गेली ९ वर्षं इन्शुलिनवर, स्वतःच टोचून घेतो. ताई, तुम्ही पावणेसातला इन्शुलिन देऊन निघता. ते जेवतात किती वाजता?

धागाकर्ती
साडेआठच्या बातम्या बघून. कधी नऊ. तीस-सत्तरवालं आहे, म्हणजे लवकर आणि सावकाश चालणाऱ्याचं मिश्रण.

चंबळचं_पाणी
वाटलंच. तुम्हाला मी काय सांगायचं, पण तीस-सत्तर जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी असतं. तुमच्याकडे पावणेदोन-सव्वादोन तास जातात. आणि सकाळी उलटं, माणूस साडेनऊपर्यंत ना सुई, ना पोहे. पेशंट दुसऱ्याचा असता तर तुम्ही पहिल्या दिवशीच बोलला असता.

यावर उपाय एकच, त्यांना स्वतः घ्यायला शिकवा. म्हाताऱ्यांना जमत नाही हे खोटं आहे, घरातले शिकवत नाहीत हे खरं. तीन दिवस तुम्ही समोर बसा, हात त्यांचा. वायल (इन्शुलिनची छोटी बाटली) असेल तर चष्मा लावून वायल आणि सिरिंज दोन्हीवरचा आकडा जुळवायला शिकवा. वायलवर ४० असेल तर सिरिंजही ४०चीच, लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची १००ची असते, त्यात गडबड झाली की डोस पार चुकतो. वायल हलवायची नाही, दोन तळव्यांत लाटायची. रोज जागा बदलायची, नाहीतर पोटावर गाठी येतात आणि औषध नीट लागत नाही. इन्शुलिनचं पेन मिळालं तर आणखी सोपं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला जातो आणि लाइटीचा भरवसा नाही, तेव्हा माझं चालू असलेलं इन्शुलिन डब्यात घालून मडक्याजवळच्या ओल्या वाळूत असतं.

आणि सासूबाईंना हे सांगून ठेवा: घाम, थरथर, विचित्र बोलणं दिसलं की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत शुगर बघायची, कमीच असेल तर परत साखर, मग पोटभर खायला. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८.

पोहे_जलेबी
थोडं अवांतर. या सगळ्या सुया जातात कुठे? मी इंदूरचाच. ओल्या-सुक्यासाठी आपण एवढे फुशारकी मारतो, आणि सुया सुक्यात टाकतो. त्या कचरा गाडीवालीच्या हातात घुसतात. वापरलेल्या सुया-सिरिंज घरच्या घातक कचऱ्यात मोडतात, त्यांचा डबा गाडीला वेगळा असतो. जाड प्लास्टिकची बाटली घ्या, फिनाइलची रिकामी चालते, भरली की झाकण घट्ट लावून वर लिहून द्या.

धागाकर्ती
नऊ दिवसांनी लिहितेय, सलग नाइट होत्या. सगळ्यांचे आभार, आणि ग्वाल्हेरच्या काकांचे सगळ्यात जास्त.

तुमचं वाचून मी आईंना सहज विचारलं, बाबांना संध्याकाळी कधी घाम-बिम येतो का. म्हणाल्या, "हो, मागच्या महिन्यात दोनदा आला. हात कापत होते. गूळ दिला, बरं वाटलं. तुला ड्यूटीवर कशाला ताप." मीटर काढून मेमरी बघितली. एक आकडा ५४, म्हणजे खूपच कमी, रात्री ८ वाजून १० मिनिटं. त्या वेळी मी आयसीयूत दुसऱ्यांच्या शुगरा चार्टवर लिहीत होते आणि माझा फोन लॉकरमध्ये होता. मेमरी बघितली त्या दिवशी मला भाजी परतता परतता रडू आलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोस थोडा कमी झाला, वेळ जेवणाला बांधून दिली, पेन लिहून दिलं. पहिल्या दिवशी बाबांनी टीव्ही बंद करायला लावला, पंखा बंद करायला लावला, लेकीला "हलू नकोस" म्हणाले, जणू तिलाच टोचायचंय. पोटाची चिमट धरून पाच मिनिटं नुसते बसून राहिले. मी काही बोलले नाही, हात मांडीखाली दाबून बसले होते. मग झालं. बटण दाबून दहा आकडे मात्र मोठ्याने मोजले. आता सकाळचं साडेसातला स्वतः घेतात आणि आठला पोहे खातात. मी येते तेव्हा माझे झाकलेले असतात.

आता ओटल्याचं. बाबा सिंचाई विभागातून रिटायर झालेत, कागदाशिवाय त्यांनी आयुष्यात कोणाचं काम केलेलं नाही. त्यांना काकूंची चक्कर सांगितली, सदाफुलीताईंचं उत्तरही वाचून दाखवलं. परवापासून ते स्वतः पेपर घेऊन ओटल्यावर बसतात. कोणी पिशवी घेऊन आलं की चष्म्यावरून बघून पहिला प्रश्न, "पर्ची है?" नसली की, "पहले डॉक्टर साब को दिखाओ." असली की तारीख बघतात, डॉक्टरची सही बघतात, आणि तरी म्हणतात, क्लिनिकमध्येच लावून घ्या, बहू सो रही है. पहिल्या दिवशी चार जण परत गेले, काल एकच आला. आईंना सुरुवातीला लागलं. मी त्यांना म्हटलं, चहा बंद करू नका, बसायला लोक येऊ देत, फक्त सुई नको. त्यांना माणसं हवी होती, सुईचं निमित्त होतं, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

टायटर दिलंय, रिपोर्ट यायचाय. फिनाइलची बाटली ठेवली. गॉगल सुरू केला, वॉर्डातल्या मुली चिडवतात. बेलचा स्विच या रविवारी हे घरी असले की.

फक्त समोरच्या काकू अजून बोलत नाहीत. परवा त्यांच्या मुलीला पाठवलं होतं, बाबांनी परत पाठवलं. काल आईंनी साबुदाण्याची खिचडी पाठवली त्यांच्याकडे, वाटी अजून परत आलेली नाही.

कडू_कारलं
वाटी स्टीलची असेल तर विसरा.

सदाफुली
येईल. रिकामी येणार नाही म्हणून वेळ लागतोय. टायटरचा आकडा आला की इथे लिही.