खाज, अर्सो आणि पावडरची वेळ
ताई, आईंना पीबीसी (यकृतातल्या बारीक पित्तनलिकांचा दीर्घकाळचा आजार) आहे, रात्री तळहात-तळपाय फार खाजतात आणि ॲलर्जीच्या गोळीने फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही खाज ॲलर्जीची नाहीच, पित्त नीट वाहत नाही म्हणून येते; त्या गोळीने फार तर झोप लागते. खाजेसाठी देतात ती कोलेस्टिरामिन पावडर चालू असेल तर अर्सोच्या (पीबीसीचं नेहमीचं औषध, अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड) गोळीत आणि तिच्यात किमान 4 तासांचं अंतर ठेवा, नाहीतर पावडर अर्सोलाच आतड्यात धरून ठेवते. माझ्या आईचं हेच चुकत होतं, दोन्ही नाश्त्याबरोबर! पावडरने भागलं नाही तर डॉक्टरांना रिफॅम्पिसिनबद्दल (हे अँटिबायोटिक अशा खाजेवरही देतात) विचारा. त्याने लघवी केशरी होते, घाबरू नका. लिव्हरच्या तपासण्या मात्र वेळच्या वेळी हव्यातच. आणि रिपोर्ट चांगले आहेत म्हणून खाज 'मनाची' आहे असं कुणी म्हटलं, तर अजिबात ऐकू नका.