प्रतिसाद: ग्राइंड आधीही होतं, पण...

"लेव्हल आणि ग्राइंड तर जुन्या गेममध्येही होतं, मग आत्ताच एवढी ओरड का?" हा या चर्चेतला वरचा मुद्दा मला अर्धाच पटला. (ग्राइंड म्हणजे गेममध्ये पुढे जायला तेच तेच पुन्हा पुन्हा खेळत बसणं.) ग्रॅन टुरिस्मो या कार शर्यतीच्या गेमच्या ५ व्या भागात लेव्हल ४० गाठायला काय रखडावं लागायचं ते मलाही आठवतंय. एकच शर्यत इतक्यांदा मारायची की डोळे मिटूनही वळणं घेता यावीत! पण ६ व्या भागापासून क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, खऱ्या पैशांनी विकत मिळायला लागले आणि तिथे हेतूबद्दल शंका येते.

इथे कुणी मार्च २०२२ चा किस्सा सांगितला नाही. ग्रॅन टुरिस्मो ७ येऊन दोन आठवडे होतात न होतात तोच १.०७ अपडेटने बऱ्याच शर्यतींचं बक्षीस कमी केलं. वर सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद, आणि गेमला सतत इंटरनेट लागत असल्यामुळे एकट्याने खेळणारेही ताटकळले. लोक इतके भडकले की गेमचे निर्माते यामाउची यांना माफी मागावी लागली, प्रत्येकाला १० लाख क्रेडिट फुकट दिले आणि एप्रिलमध्ये बक्षिसं वाढवली. म्हणजे बक्षिसाचा आकडा गेम बनवणाऱ्यांच्या हातात असतो, एका अपडेटमध्ये बदलतो. "गेमचा स्वभावच तसा" वगैरे काही नाही.

आत्ता ७ मध्ये क्रेडिटसाठी अडकलेल्यांसाठी: धडक न मारता शर्यत संपवली तर क्लीन रेस बोनस मिळतो, तेव्हा घाईत कुणाला ठोकू नका. आणि कस्टम रेसवर (आपणच नियम ठरवून लावलेल्या शर्यतीवर) क्रेडिटसाठी वेळ घालवू नका, फार काही हाती लागत नाही.