५४ माणसं विरुद्ध ३२ तोफा : कादंबरीकाराने थाप मारलीय का?

काळा_कातळ
मंडळी, सध्या शिडांच्या जहाजांवरच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा नाद लागलाय. नेपोलियनचा काळ, भूमध्य समुद्र, कायम कडकीत असलेला कप्तान आणि त्याचा डॉक्टर मित्र. दोरखंडांची निम्मी नावं डोक्यावरून जातात, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. पण काल अडलो. १४ पिटुकल्या तोफांचं जहाज ३२ तोफांच्या स्पॅनिश जहाजाला भिडतं आणि चक्क पकडून आणतं! साहसकथेत मीठमसाला चालतोच, पण इतका? जाणकारांनी सांगावं.

परबाण
थाप नाही. उलट लेखकाने हात जरा आखडताच घेतलाय म्हणा.

६ मे १८०१, बार्सिलोनाजवळचा समुद्र. ही खरी घडलेली लढाई. ब्रिटिश नौदलाचं जहाज 'स्पीडी', कप्तान थॉमस कॉक्रेन. जहाजावर पोरंटोरं धरून ५४ जण. समोर ३२ तोफांचं स्पॅनिश 'गामो', ३१९ जण. स्पीडीच्या तोफा चार पौंडी (एकेक गोळा चार पौंडांचा), म्हणजे एका बाजूच्या सातही तोफा एकदम डागल्या तरी लोखंड जेमतेम पावणेतेरा किलो. गामोच्या एका बाजूच्या गोळ्यांचं वजन ८५ किलोच्या आसपास.

मग जिंकला कसा? पहिली गोष्ट, अमेरिकेचं निशाण चढवून जवळ गेला. (त्या काळी हे चालायचं, फक्त तोफ डागण्याआधी स्वतःचं निशाण लावलं की झालं.) दुसरी गोष्ट, लांबून मारामारी केलीच नाही. थेट गामोला खेटला, इतका की दोन्ही जहाजांच्या काठ्या-दोर एकमेकांत अडकले. गामो उंच, स्पीडी बुटकी. स्पॅनिश गोळे सगळे डोक्यावरून शिडांत. कॉक्रेनने मात्र तोफांची तोंडं वर करून एकेका तोफेत तीन-तीन गोळे ठासले होते, ते खालून थेट गामोच्या तोफांच्या मजल्यात. पहिल्याच फैरीत त्यांचा कप्तान गेला.

स्पॅनिश लोक उडी मारून स्पीडीवर यायला निघाले की हा जहाज हातभर बाजूला घ्यायचा आणि गर्दीवर बंदुका झाडायचा. शेवटी स्वतःच सगळी माणसं घेऊन चढला. काहींनी तोंडाला काळं फासलं होतं, ते धुरातून नाळेकडून (जहाजाच्या पुढच्या टोकाकडून) ओरडत वर आले. मारामारी रंगात असताना त्याने खाली हाक दिली, "अजून ५० माणसं पाठवा!"

काळा_कातळ
पण खाली होतं कोण? सगळे तर वर गेले ना?

परबाण
डॉक्टर! सुकाणूवर जहाजाचा डॉक्टर, बाकी जवळपास कोणी नाही. तेवढ्यात कॉक्रेनने एकाला गामोचं निशाण उतरवायला पिटाळलं. आपल्याच अधिकाऱ्यांनी शरणागती पत्करली असं वाटून स्पॅनिश खलाशांनी हत्यारं टाकली. नंतर कैदी तळघरात कोंडले आणि गामोच्याच तोफा वळवून तळघराच्या तोंडावर रोखल्या. नाहीतर या मूठभरांचा काय टिकाव लागणार होता?

टाइनकाठी
परबाण, तो उंचीचा मुद्दा मला इंग्लंडात हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' हे जुनं शिडाचं युद्धजहाज पाहिल्यावर पटला. तोफेच्या खिडकीतून वाकून पाहिलं की पाणी चांगलंच खाली दिसतं. अगदी खेटून उभ्या असलेल्या बुटक्या जहाजावर नेम धरायला तोफ तेवढी खाली वाकणारच नाही. खालच्या मजल्यावर तर मान वाकवूनच फिरावं लागतं, खलाशी तिथेच झुल्यात झोपायचे. आणि मंडळी, हे जहाज आपल्या मुंबईचं बरं का! १८१७ साली वाडियांनी बांधलेलं, अस्सल सागवानी. अजून तरंगतंय. इकडे कोणी येणार असेल तर चुकवू नका.

काळा_कातळ
भारी! मग कॉक्रेनला बढती, बक्षीस वगैरे छप्पर फाडके मिळालं असेल?

परबाण
कुठलं काय. गामो नौदलाने विकत घेतलंच नाही, अल्जीयर्सला स्वस्तात विकून टाकलं. बक्षिसाची रक्कमही त्यामुळे किरकोळच. त्याच्या जखमी लेफ्टनंटला बढती द्या म्हणून हा पत्रावर पत्रं लिहीत राहिला. नौदलप्रमुख लॉर्ड सेंट व्हिन्सेंटचं म्हणणं, स्पीडीवर फार माणसं मेली नाहीत, तेव्हा एवढं काही नको. मेले होते तीन. यावर कॉक्रेनने कळवलं की ज्या लढाईसाठी हुजुरांना अर्लपद (सरदारकी) मिळालं, तिच्यात हुजुरांच्या जहाजावर एकच माणूस मेला होता.

नोकरीत वरिष्ठाला असं पत्र पाठवणाऱ्याचं पुढे काय होतं, ते इथल्या सरकारी मंडळींना सांगायला नको.