मदत हवी आहे: दोन-दोनची अदलाबदल तपासून थ्रेशोल्ड फंक्शन ओळखता येतं, मग 9 व्हेरिएबलला काय बिघडतं?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीला राहते, एमएस्सी मॅथ्सचं दुसरं वर्ष चालू आहे आणि प्रोजेक्ट थ्रेशोल्ड फंक्शनवर घेतलाय. म्हणजे प्रत्येक इनपुट 0 किंवा 1, त्याला एक वजन द्यायचं (ऋणही चालतं), जे इनपुट 1 आहेत त्यांच्या वजनांची बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली तर उत्तर 1, नाहीतर 0. दोन व्हेरिएबलच्या (म्हणजे दोन इनपुटच्या) 16 बूलियन फंक्शनपैकी, म्हणजे 0-1 घेऊन 0 किंवा 1 देणाऱ्यांपैकी, 14 अशी निघतात (एक्सॉर, म्हणजे दोघांपैकी नेमका एकच 1 असेल तर 1, आणि त्याचं उलटं सोडून), तीनला 256 पैकी 104, आणि चारला 65536 मधली फक्त 1882!

आता जे कळलंय ते सांगते. समजा सोसायटीत दोन विंग, प्रत्येकीचे दोन मेंबर, आणि कुठल्याही एका विंगचे दोघंही हो म्हणाले तरच ठराव पास. हे वजनं देऊन जमतच नाही, कारण ए विंगचे दोघे पास, बी विंगचे दोघे पास, पण एकेक मेंबर अदलाबदल करून दोन मिक्स जोड्या केल्या की दोन्ही नापास, आणि माणसं तर तीच चार, एकूण वजनही तेच, मग पासवाल्यांची बेरीज जास्त येणार कुठून? हे ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये वहीत करताना लक्षात आलं आणि इतका आनंद झाला की काय सांगू.

अडलंय पुढे. 8 व्हेरिएबलपर्यंत अशी दोन-दोनची अदलाबदल (दोन पास गटांतले मेंबर फिरवून दोन नापास गट) सापडली नाही तर फंक्शन थ्रेशोल्ड असतंच, पण 9 ला हे मोडतं असं वाचलं. लिनियर प्रोग्रामिंगमध्ये (अटी घालून वजनं शोधायची पद्धत) 512 ओळी, प्रत्येक इनपुट-जुळणीला एक, घालून तपासता येतं हे माहितीये, पण मला का मोडतं ते बघायचंय. हाताने बांधता येईल असं उदाहरण आहे का? प्लीज कोणीतरी सांगा, दोन आठवडे यातच गेलेत.

उत्तर:
ताई, आहे, आणि फार देखणं आहे. 9 मेंबर 3 बाय 3 चौकोनात बसवा. धन वजनं अशी निवडा की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीची बेरीज सारखी येईल, पण दुसऱ्या कुठल्याही गटाची बेरीज तेवढीच येणार नाही. म्हणून 1 ते 9 चा नेहमीचा चौकोन घेऊ नका, त्यात 15 कर्णांचीही येते आणि 1, 2, 3, 4, 5 मिळूनही. हो म्हणणाऱ्यांची बेरीज या ओळींच्या बेरजेपेक्षा जास्त तर पास, कमी तर नापास, आणि नेमकी तेवढीच आली तर आडव्या पास, उभ्या नापास. तीन आडव्या मिळून तेच नऊ जण, तीन उभ्या मिळूनही तेच, म्हणजे कुठलीही वजनं देऊन हे फंक्शन जमणं शक्यच नाही. आणि दोन-दोनची अदलाबदल व्हायची तर, पासवाल्यांची बेरीज तेवढी किंवा जास्त, नापासवाल्यांची तेवढी किंवा कमी आणि एकूण वजन सारखंच, म्हणून चारही गटांची बेरीज नेमकी तेवढीच हवी, म्हणजे दोन आडव्या ओळींतले मेंबर दोन उभ्यांत तसेच्या तसे बसायला हवेत, ते काही केल्या बसत नाहीत, कागदावर करून बघा.