मदत हवी आहे: सायप्रिनसचे शुक्राणू कंट्रोलमध्येच पडून राहतात

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एमएस्सी झूऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट आहे सायप्रिनसच्या (म्हणजे कॉमन कार्प माशाच्या) शुक्राणूंवर कॉपर सल्फेटचा परिणाम. तीन आठवडे झाले अडकलेय आणि गाईड सरांचं काम कीटकांवर आहे, म्हणून इथे विचारतेय.

विषय मी हट्टाने घेतला. नेहमीची ९६ तासांची विषाची टेस्ट म्हणजे एका डोसला किमान ७ मासे, पाच डोस आणि कंट्रोल धरून ४२, आणि मोजायचं काय तर किती मेले. गेल्या वर्षी सिनिअर्सच्या टाक्या साफ करायचं काम माझ्याकडे होतं, सकाळी जाळी घालून ते कल्ले फाकलेले मासे बाहेर काढताना फार वाईट वाटायचं. इथे नराचं पोट हलकं दाबून थोडं वीर्य घेतलं की मासा परत पाण्यात सोडता येतो. शिवाय मुठा नदीत मासे दिसतात म्हणून पाणी बरं आहे असं थोडंच आहे, अंडी आणि शुक्राणू दोन्ही उघड्या पाण्यात पडतात, तिथे ते फळले नाहीत तर पुढच्या वर्षी मासे येणार कुठून?

तर अडचण अशी. मत्स्यबीज केंद्रातले काका नर पकडून देतात, मी वीर्य ट्यूबमध्ये घेते, बर्फाच्या डब्यात ठेवून सोलापूर रोडच्या ट्रॅफिकमधून दीड तासात लॅबला येते. ०.६ टक्के मिठाच्या पाण्यात डायल्यूट करते, स्लाइडवर थेंब, कव्हरस्लिप, ४० चं ऑब्जेक्टिव्ह. आणि सगळं शांत. कॉपर नाही काही नाही, नुसत्या कंट्रोलमध्ये शंभरातले पाच-सहा जागच्या जागी थरथरतात, बाकीचे काचेला चिकटल्यासारखे. प्रवासात मरतात का? कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
ताई, मेलेले नाहीत, तू मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या आत दमलेत. कार्पचे शुक्राणू नराच्या अंगात असेपर्यंत हलतच नाहीत, पातळ पाणी लागलं की सुटतात आणि मिनिटाच्या आत सगळा जोर संपतो. वीर्याची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या क्षार वगैरेंचं एकूण प्रमाण) ३०० मिलीऑस्मोलच्या जवळपास असते आणि तुझं ०.६ टक्केवालं पाणी २०० च्या आसपास, म्हणजे डायल्यूट करतानाच तू त्यांना पळवलंस. आधी २०० मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि ३० मिलीमोलर ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारा बफर), पीएच ८, यात ठेव, तिथे ते गप्प बसतात. मग स्लाइड आधी फोकस करून घे आणि साधं पाणी तिथेच, मायक्रोस्कोपखाली सोड. पहिली १० सेकंदं मोबाइलवर रेकॉर्ड कर. अजून एक, पोट दाबताना पहिला थेंब टिपून टाकून दे, त्यात लघवी असते आणि तिनेही ते सुटतात.

प्रतिसाद २:
काचेला चिकटतात त्यावर सगळे बीएसए (बोवाइन सीरम अल्ब्युमिन, गुरांच्या रक्तातलं प्रथिन) घाल म्हणतील. तुझ्या कामात घालू नकोस, अल्ब्युमिन कॉपरला घट्ट धरतं, तू टाकलेला डोस आणि शुक्राणूला लागलेला डोस वेगळाच होईल. त्याऐवजी चिकटणं टाळायला प्लुरोनिक एफ-१२७ (प्रथिन नसलेलं पॉलिमर) मिळतंय का बघ.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार!! आज सकाळी करून पाहिलं, पाण्याचा थेंब सोडला आणि अख्खं फील्ड एकदम उसळलं, मी आणि लॅबमधली मैत्रीण दोघी ओरडलोच. साधारण ४० सेकंदांनी वेग पडत गेला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हलताना पाहिले.

आता दोनच शंका. कॉपर मी सोडायच्या पाण्यात घालू की पोटॅशियमच्या द्रावणात आधी दोन तास ठेवू? मला वाटतं दोन्ही करावं, कारण नदीत त्यांना विष लागतं ते त्या मिनिटभरातच, दोन तास नाही, पण मिनिटात कमी डोसचा परिणाम दिसेल की नाही भीती वाटते. आणि सहा नर आहेत, त्यांचं वीर्य एकत्र मिसळू की वेगळं ठेवू? एकाच नराच्या तीन स्लाइड म्हणजे तीन रेप्लिकेट (स्वतंत्र नमुने) नाहीत एवढं कळलंय. काकांकडे गुरुवारी जायचंय, त्याआधी कोणी सांगितलं तर फार बरं होईल.