सराफ पेढ्यांचा दानधर्म आणि कारागिराची मजुरी

माधव

लग्नसराई जवळ आली की सराफ पेढ्यांच्या जाहिरातींत हल्ली एक ओळ हमखास असते: प्रत्येक खरेदीतला काही वाटा गरजू मुलांच्या शिक्षणासाठी, अन्नदानासाठी किंवा वृक्षलागवडीसाठी दिला जाईल. गेल्या आठवड्यात आमच्या शहरातल्या एका मोठ्या पेढीने अशी जाहिरात दिली आणि त्याच पानावर घडणावळीत निम्मी सूटही जाहीर केली. या दोन घोषणा शेजारी शेजारी वाचल्यापासून जे मनात घोळत आहे, ते चर्चेसाठी मांडतो.

दागिन्याच्या बिलात सोन्याची किंमत असते, घडणावळ असते, हॉलमार्किंगचे किरकोळ शुल्क असते आणि वर 3 टक्के जीएसटी असतो. सोन्याचा भाव बाजार ठरवतो आणि कर सरकार ठरवते, त्यामुळे पेढीच्या हातात खऱ्या अर्थाने उरते ती घडणावळ. कारागिराची मजुरीही तिच्यातूनच निघते. तेव्हा घडणावळ निम्मी करून वर दानाची घोषणा करणारी पेढी ते पैसे नेमके कोणाच्या वाट्यातून देत आहे, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे असे मला वाटते.

झवेरी बाजारातल्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर, जुन्या इमारतींच्या खोल्यांमध्ये, मुख्यतः बंगालमधून आलेले कारागीर बसतात. पुष्कळ ठिकाणी काम, जेवण आणि झोप एकाच खोलीत होते. डाग देताना, म्हणजे वितळणाऱ्या धातूने दागिन्याचे जोड सांधताना, कारागिराचा चेहरा ज्योतीपासून वीतभर अंतरावर असतो, कारण जोड नीट वाहिला की नाही हे त्याला डोळ्यांनीच पाहावे लागते. बाजारात ‘केडियम’ म्हणून ओळखला जाणारा डाग कॅडमियम मिसळून केलेला असतो. तो कमी उष्णतेवर वितळतो आणि सोन्याचा कस उतरू देत नाही, म्हणून तो लोकप्रिय झाला. पण कॅडमियमचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असतो. तेजाबाच्या वाफा त्याशिवाय. काळबादेवी-भुलेश्वर भागातल्या आटणीच्या भट्ट्यांची धुराडी महापालिकेने अलीकडे काढायला लावली ती रहिवाशांना धुराचा त्रास होतो म्हणून, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या धुरात दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचा विचार त्या चर्चेत फारसा झाला नाही.

सराफांच्या दानाची परंपरा मोठी आहे हे मी नाकारत नाही. माणिकचंद हिराचंद झवेरी हे मोत्यांचे व्यापारी. त्यांनी मुंबईत सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा बांधली आणि ठिकठिकाणी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. असे दान आदरास पात्र आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की या धंद्याची सामाजिक जबाबदारी कारागिराच्या पाटापासून सुरू झाली पाहिजे. तिथले देणे चुकते होत नाही तोवर बाहेर दिलेल्या पैशाला दान म्हणावे, जबाबदारी म्हणू नये.

पेढीकर_सातारा

माधवराव, आमची पेढी तीन पिढ्यांची आहे, म्हणून आतल्या बाजूने लिहितो. तुमच्या मांडणीत ‘पेढी’ या एका नावाखाली शंभर दालने असलेली कंपनी आणि दोन भावांनी चालवलेले आमच्यासारखे दुकान एकत्र आले आहे, आणि तिथेच माझा आक्षेप आहे. घडणावळीत सूट देण्याची चढाओढ मोठ्या दालनांनी सुरू केली. आमच्याकडे आलेले गिऱ्हाईक त्यांची जाहिरात मोबाइलवर दाखवते आणि तोच दर मागते. नाही म्हटले तर पिढ्यान्‌पिढ्यांचे घर तुटते. आम्ही कारागिराची मजुरी कापली नाही, स्वतःचा नफा कापला, आणि असे करणारी दुकाने पुष्कळ आहेत.

दुसरे असे की कारागीर आमचा नोकर नसतो. त्याला वजन करून सोने दिले जाते, दागिना परत येतो, ठरलेली घट (कामात झिजून जाणारे सोने) वळती होते आणि मजुरी चुकती केली जाते. तो एकाच वेळी चार पेढ्यांचे काम करतो. त्याच्या खोलीची खिडकी, त्याचा डाग आणि त्याचा पंखा यांची जबाबदारी चौघांपैकी कोणावर टाकायची? त्याच्या मुलीच्या लग्नाला आणि घरच्या आजारपणाला आमच्या वडिलांनी पैसे दिले आहेत, त्याची जाहिरात कधी झाली नाही आणि होऊही नये. वारीच्या वाटेवर अन्नदान करणाऱ्या, शाळेला पाण्याची टाकी देणाऱ्या लहान सराफाला आधी कारागिराचा हिशेब दाखव असे म्हणणे म्हणजे त्याच्या चांगुलपणावर संशय घेणे आहे.

वसुधा

माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. मी ग्रामीण भागातल्या मुलींच्या एका वसतिगृहाचे काम पाहते. आमच्या स्वयंपाकघराचा वर्षभराचा किराणा एका सराफ कुटुंबाकडून येतो. त्या कुटुंबाने दाराशी आपल्या नावाची पाटी लावून मागितली, आम्ही ती आनंदाने लावली, आणि तिच्यामुळे एकाही मुलीच्या ताटातली भाकरी कमी झाली नाही. देणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे का, त्याने घरचे देणे आधी फेडले का, अशा कसोट्या प्रत्येक देणगीला लावायच्या ठरवल्या तर उद्या देणारा हात आखडेल आणि त्याची झळ माधवरावांना किंवा मला लागणार नाही, त्या मुलींना लागेल. कारागिराचा प्रश्न खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो मजुरीचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. तो सोडवण्यासाठी दानावर अटी घालण्याची गरज मला दिसत नाही.

लेखापाल

चर्चेत कायद्याची बाजू आलेली नाही म्हणून थोडे लिहितो. 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी रुपये, उलाढाल 1000 कोटी रुपये किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. भागीदारीतल्या किंवा एकट्या मालकाच्या पेढीला हे कलम लागूच होत नाही, म्हणून साताऱ्याच्या पेढीकरांचे दान हे पूर्णपणे स्वेच्छेचे आहे आणि मोठ्या कंपनीच्या सक्तीच्या खर्चाशी त्याची तुलना करू नये.

याच नियमांमधल्या दोन तरतुदी या धाग्याशी थेट संबंधित आहेत. आपल्या मालाच्या विक्रीला लाभ व्हावा म्हणून केलेले प्रायोजकत्व सामाजिक खर्चात धरता येत नाही, आणि केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्चही धरता येत नाही. दुसऱ्या तरतुदीमागचा विचार मला पटतो: कामगाराची सुरक्षितता ही धंद्याच्या खर्चाची बाब आहे, ती परोपकाराच्या खात्यात लिहिता कामा नये. व्यवहारात मात्र कारागीर हजेरीपटावर नसल्यामुळे धंद्याच्या खर्चात त्याची सुरक्षितता येत नाही आणि परोपकाराच्या यादीत त्याचे नाव कोणी घालत नाही. खोलीत सहा-सात माणसे असली तर राज्य कामगार विमा योजनाही सहसा लागू होत नाही, कारण तिला सर्वसाधारणपणे किमान दहा माणसे लागतात.

खरेदीतला वाटा दानाला देण्याच्या जाहिरातींबद्दलही सांगतो. आपल्याकडच्या जुन्या बाजारपेठांत बिलावर ‘धर्मादा’ म्हणून किरकोळ रक्कम लावण्याची चाल होती. महाराष्ट्राच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम 54 आहे ते यासाठीच: व्यापाराच्या रूढीप्रमाणे गोळा केलेला धर्मादा व्यापाऱ्याच्या हाती विश्वस्त म्हणून राहतो, त्याचा हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात असा धर्मादा व्यापाऱ्याचे उत्पन्न धरता येत नाही असा निर्णय दिला. आजच्या जाहिरातींतली रक्कम बिलावर वेगळी दाखवलेली नसते, त्यामुळे ती धर्मादा या व्याख्येत बहुधा बसणार नाही. तरीही ग्राहकाच्या खरेदीवर बेतलेल्या दानाचा वार्षिक हिशेब दुकानाच्या भिंतीवर लावायला काय हरकत आहे, हे मला अनेक वर्षे समजलेले नाही.

हुपरीकर

मी चांदीच्या कामातला. आमच्या हुपरीत पैंजण आणि घुंगरांचे काम घराघरांत चालते, आणि त्यातले जोडकाम, घुंगरू लावणे, उजळून चकाकी देणे हे बऱ्याच अंशी बायका करतात. दुपारची भांडी आवरली की त्याच खोलीत पाट मांडला जातो. एका बाजूला टाकणखाराची वाटी, समोर ज्योत, हातात चिमटा, आणि जोडायच्या कड्या मुगाच्या दाण्याहून लहान. संध्याकाळी डोळे लाल होतात, पाणी येते. मजुरी वजनावर मिळते. चांदीचा भाव कितीही चढला तरी किलोमागची मजुरी त्याच्याबरोबर चढत नाही. उलट भाव चढला की माल कमी उठतो आणि काम थांबते.

वसुधाताईंनी हा मजुरीचा आणि कायद्याचा प्रश्न आहे असे म्हटले. कायदा आमच्या दारापर्यंत पोहोचत नाही, म्हणून आम्ही इथे बोलतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सोनारकामाचा समावेश आहे, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने कर्ज मिळते, हे चांगलेच आहे. पण घरात जोडकाम करणाऱ्या बाईला आपण कारागीर आहोत हे कागदावर सिद्ध करण्यासाठी धावाधाव करावी लागते, आणि व्यापारी तसे लिहून द्यायला तयार नसतो. पेढीकर, तुमच्या वडिलांनी कारागिराच्या मुलीच्या लग्नाला पैसे दिले, त्याबद्दल आदरच आहे. पण ते पैसे मागायला कारागिराला तुमच्या ओट्यावर उभे राहावे लागले असणार. मजुरी पुरेशी असती तर ती वेळ आली नसती.

पेढीकर_सातारा

हुपरीकर, तुमचे शेवटचे वाक्य मला लागले, पण ते अर्धेच खरे आहे. मजुरी कितीही असली तरी लग्न आणि आजारपण यांत माणूस कोणाकडे तरी जातोच, आणि ज्याच्याकडे विश्वासाने किलो-किलोने चांदी सोपवली जाते त्याच्याशी संबंध केवळ मजुरीचा नसतो. तो संबंध नोंदवहीत बसवायला गेलात तर आमच्यासारखी दुकाने कारागिरांना काम देणे बंद करतील आणि कारखान्यातला यंत्रावरचा माल आणून विकतील. तो स्वस्तही पडतो.

माधव

वसुधाताईंनी दान आटेल अशी भीती व्यक्त केली आहे. दानावर अट घालावी असे मी म्हणत नाही. तुमच्या वसतिगृहाला येणारा किराणा यावा आणि वाढावा. पण मोठी कंपनी अहवालात ‘आमची सामाजिक जबाबदारी’ असे प्रकरण लिहिते, तेव्हा तिच्या पुरवठादारांच्या खोल्यांत काय डाग वापरला जातो, धूर बाहेर जाण्याची काय सोय आहे आणि दागिन्यामागे मजुरी किती दिली, हे त्याच प्रकरणात आधी यावे. हॉलमार्किंग जून 2021 पासून सक्तीचे होऊ लागले तेव्हाही लहान दुकाने बंद पडतील असे म्हटले गेले होते. आज हॉलमार्क केलेल्या प्रत्येक सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक उमटतो. सोन्याच्या शुद्धतेचा माग जर तपासणी केंद्रापर्यंत काढता येतो, तर तो घडवणाऱ्या खोलीपर्यंत काढणे अशक्य नाही.

पेढीकरांच्या प्रश्नाचे, म्हणजे चार पेढ्यांचे काम करणाऱ्या माणसाची जबाबदारी कोणाची याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा शोधलेले आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने नेमका हाच पेच सोडवला. हमालही दिवसाला चार व्यापाऱ्यांचा माल उचलत होता आणि कोणाचाच नोकर नव्हता. मंडळ झाले, व्यापाऱ्याने मजुरीवर ठरावीक लेव्ही भरायची ठरली आणि भविष्यनिर्वाह निधी व औषधपाणी त्यातून उभे राहिले. सराफ संघटनांनी स्वतःहून, ग्रॅममागे काही पैसे अशा दराने, कारागीर निधी उभा करावा.

लेखापाल

एक सावधगिरी. संघटनेने घडणावळीचा किमान दर ठरवला तर 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3 खाली ते व्यापाऱ्यांचे संगनमत ठरू शकते. कल्याण निधीची वर्गणी ही वेगळी बाब आहे. विक्रीच्या दराला हात न लावता ती नक्की बसवता येईल.

पेढीकर_सातारा

माथाडी मंडळाचे उदाहरण मला मान्य नाही. हमालाच्या हाती व्यापाऱ्याचे भांडवल वर्षानुवर्षे विश्वासाने सोपवलेले नसते. सरकारी मंडळ आले की निरीक्षक येतो, आणि 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने (चौदा कॅरेटहून शुद्ध दागिने घडवण्यावरच्या बंदीने) सोनारांची काय दैना केली, किती जणांनी जीव दिला, ते आमच्या घरात अजून बोलले जाते. संघटनेचा स्वतःचा निधी असेल आणि त्याच्या विश्वस्तांत निम्मे कारागीर असतील, तर आमच्या तालुका संघटनेच्या पुढच्या बैठकीत मी विषय मांडतो. मोठी दालने त्यात वर्गणी भरणार नसतील तर मात्र लहान दुकानांनी का भरावी, हे मला तिथे विचारले जाईल आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

हुपरीकर

उत्तर नसले तरी विषय मांडा. आणि निधीत घरी जोडकाम करणाऱ्या बायकांची नावे पहिल्या यादीत घ्या, नाहीतर खोलीतल्या पुरुषांपर्यंतच तो थांबेल.