टापटीप म्हणजे ओसीडी नव्हे

कुणीतरी लिहिलंय की त्यांच्या सासूबाई डबे एका रेषेत लावतात, टॉवेलची घडी वाकडी झाली तर चिडतात, म्हणजे त्यांना ओसीडी (नको असलेले विचार पुन्हापुन्हा येऊन तीच ती कृती करायला लावणारा मानसिक आजार) आहे. अतिरेक आहे हे मान्य, पण ओसीडी म्हणवत नाही. आपलीच पद्धत बरोबर नि बाकीचे वेंधळे असं त्यांना मनापासून वाटत असेल तर तो स्वभाव झाला. अगदीच टोकाला गेला तर ओसीपीडी हे वेगळं निदान आहे, ते व्यक्तिमत्त्व विकारांत मोडतं. (इतकी सारखी नावं ठेवणाऱ्यांना काय म्हणावं!)

ओसीडीत बहुधा माणसाला स्वतःलाच ते नको असतं. माझा मामेभाऊ गॅसचं बटण डोळ्यांनी बघायचा, हाताने चाचपायचा, जिना उतरायचा आणि पुन्हा वर. "वेडेपणा आहे हे कळतं रे, पण पाय निघत नाही," म्हणायचा. उपचारात त्याला न तपासता बाहेर पडायला लावलं आणि घालमेल आपोआप ओसरेपर्यंत थांबायला शिकवलं. या पद्धतीची सुरुवात लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी केली, १९६६ साली. घरच्यांनाही एक पथ्य होतं: "बंद आहे रे, मी पाहिलंय" असं त्याला सांगायचं नाही. तो दिलासासुद्धा तपासण्यातच जमा होतो.